टाक्यातली खाच

सिझरचा टाका कुठे आहे, असं कुणाही बाईला विचारलं की तिचा हात आपसूक ओटीपोटाखालच्या आडव्या रेघेकडे जातो. ती रेघ कातडीवरची. हेर्मान फानेनस्टील या जर्मन डॉक्टरांनी १९०० साली हा आडवा छेद मांडला आणि परकराच्या नाडीखाली तो झाकला जातो म्हणून की काय, जगभर रुळला. पण बाळ ज्या दारातून बाहेर आलं ते दार आत आहे, गर्भपिशवीच्या भिंतीत. तो छेद वेगळा, तो टाका वेगळा. तो घालून झाला की पोट शिवतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. वरची रेघ कितीही सुबक भरलेली असो, आतल्या टाक्याची खबर ती देत नाही.

आता समजा, कोपरखैरणेला राहणारी ३२ वर्षांची एक बाई आहे. ही कुणी विशिष्ट व्यक्ती नव्हे, पण वाशी-नेरूळच्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या बाहेरच्या खोलीत अशी कुणी ना कुणी बसलेली असते. पहिलं बाळंतपण माहेरी, कऱ्हाडला. कळा सुरू झाल्या, रात्रभर वाट पाहिली, पहाटे बाळाचे ठोके कमी झाले म्हणून सिझर. मुलगी आता साडेपाच वर्षांची, शाळेत जाते. दुसऱ्यासाठी अडीच वर्षं प्रयत्न चाललेत, दिवस राहत नाहीत. रक्ताचे रिपोर्ट चांगले, थायरॉइड चांगलं, नळ्या मोकळ्या. डॉक्टर सगळं विचारून झाल्यावर सहज म्हणतात, "पाळी किती दिवस असते?" ती म्हणते, "चार दिवस. पण नंतर आठवडाभर तपकिरी डाग पडत राहतात. सिझरनंतरच सुरू झालं. अंगातली उष्णता असेल म्हणून लक्ष नाही दिलं."

हा 'लक्ष नाही दिलं'चा भाग महत्त्वाचा. सिझरआधी पाळी चार दिवसांत संपायची आणि सिझरनंतर ती संपतच नाही, रेंगाळते, ही तक्रार बाईच्या तोंडून आपणहून क्वचितच येते. त्यात वेदना नसते, रक्त ओतत नसतं. नुसते काळपट डाग. घरात सोवळंओवळं असेल तर पाळी संपली म्हणायची की नाही, हा रोजचा घोळ. नवरा-बायकोच्या जवळिकीचे दिवस त्यात निघून जातात, आणि नेमके ते गर्भ राहण्याच्या आगेमागेचे दिवस असतात. उष्णता म्हणून ताक-सब्जा पिऊन झालेलं असतं. डाग मात्र येतात आतल्या टाक्यातून.

तिथे काय झालेलं असतं हे समजायचं तर टाक्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकात सिझर म्हणजे जवळजवळ मृत्युदंड होता. नवल वाटेल, पण बाळ काढल्यावर डॉक्टर पोट शिवत आणि गर्भपिशवी उघडीच ठेवत. पिशवी आपोआप आकसते, तिला टाक्याची गरज नाही, उलट आत राहिलेला दोरा सडेल, असा तेव्हाचा समज. बाया रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने मरत. १८७६ साली इटलीतल्या पाव्हियाच्या एदुआर्दो पोरो यांनी यावर आडदांड उपाय शोधला: बाळ काढलं की पिशवीच काढून टाकायची. आई वाचली, पण पुढचं मूल कायमचं संपलं. मग १८८२ मध्ये लायपझिगच्या माक्स झेंगर या तरुण डॉक्टरने पिशवीची भिंत चांदीच्या तारेने आणि रेशमाने नीट शिवायची पद्धत मांडली. म्हणजे पिशवीचा टाका मुळात जन्माला आला तो आई वाचावी आणि तिची पिशवीही राहावी म्हणून. आज त्याच टाक्यामुळे काहींना पुढचं मूल होत नाही, हा इतिहासाचा खट्याळपणा.

झेंगर यांचा छेद पिशवीच्या वरच्या जाड भागात, उभा असायचा. तो पुढच्या गरोदरपणात फाटण्याची भीती असे. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात खालच्या पातळ भागात आडवा छेद घ्यायची पद्धत रुजवली. गरोदरपणाच्या शेवटी पिशवीचा खालचा भाग ताणून पातळ होतो. तिथे कापलं तर रक्त कमी जातं आणि जखम चांगली भरते. आज आपल्याकडची जवळजवळ सगळी सिझरं याच पद्धतीची. फायदे निर्विवाद. पण एक गोष्ट त्यातच दडलेली: हा भाग पिशवीच्या तोंडाला लागून आहे. कळा बराच वेळ चालल्या, तोंड पाच-सहा सेंटिमीटर उघडलं, की तोंडाचा वरचा भागही ताणून भिंतीत मिसळतो. पिशवी कुठे संपली आणि तोंड कुठे सुरू झालं, ते हातालाही कळत नाही. अशा वेळी छेद जरा जास्तच खाली जाऊ शकतो, तोंडाच्या भागात. तिथे चिकट स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. जखमेच्या दोन कडांमध्ये त्यांचा स्राव येत राहिला की कडा एकमेकींना धरत नाहीत, असा तज्ज्ञांचा कयास आहे. भिंत बाहेरून जुळते. आतल्या बाजूने पाचरीसारखी खाच राहते.

डॉक्टर या खाचेला 'निश' म्हणतात किंवा 'इस्थमोसील'. इस्थमॉस म्हणजे ग्रीक भाषेत दोन भूभागांना जोडणारी चिंचोळी पट्टी; पिशवीचं अंग आणि तोंड यांच्यामधला अरुंद भाग तोच. २०१९ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून व्याख्या ठरवली: सिझरच्या टाक्याच्या जागी भिंतीत किमान २ मिलिमीटर खोल खळगा असेल तर ती खाच. ती पाहण्याचे प्रयत्न मात्र जुने. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या पॉइदेव्हिन यांनी १९६१ साली पिशवीत रंगद्रव भरून एक्सरे काढले होते आणि टाक्याच्या जागी पाचरीसारखे खळगे दाखवले होते. पुढे १९९५ मध्ये ह्यू मॉरिस यांनी सिझर झालेल्या बायकांच्या काढून टाकलेल्या ५१ पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि प्रश्न विचारला की पाळीच्या तक्रारींचं मूळ या टाक्यातच तर नाही? तोवर अनेक पिशव्या 'काही सापडलं नाही' म्हणून काढून झाल्या होत्या.

खाच नेमकी काय करते हे सांगायला नवी मुंबईसारखं गाव नाही. सिडकोने १९७० नंतर हे शहर खाडीकाठच्या सखल, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीवर वसवलं. भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी जाणार कुठे? म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरतीत दारं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं; ओहोटी लागली की दारं उघडतात आणि पाणी सावकाश खाडीत जातं. टाक्यातली खाच म्हणजे असाच एक धारण तलाव, फक्त नको त्या जागी. पाळीचं रक्त वाहून जाताना थोडं त्यात थांबतं. तिथला स्नायू टाक्यामुळे निबर झालेला, तो आकसून ते ढकलून देऊ शकत नाही. मग पाळी संपल्यावर ते थेंबथेंब झिरपत राहतं. थांबून काळं पडलेलं रक्त, म्हणून डाग तपकिरी. आणि आपल्या तलावांचं जे झालं तेच इथंही: गाळ साचतो. खाचेच्या बुडाशी नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्याही स्वतःच्या बळावर पाझरतात.

योगायोग असा की या खाचेवरचं बरंचसं मोलाचं संशोधनही डचांकडूनच, मुख्यतः अॅमस्टरडॅमच्या गटाकडून आलंय. पाण्याशी झुंजणाऱ्यांना साचलेल्या पाण्याची नजर जास्त असावी!

मूल न राहण्याशी याचा संबंध कसा, तर दोन-तीन वाटांनी. साचलेलं रक्त आणि चिकट द्रव फक्त खाली झिरपत नाही, वरही सरकतो. पिशवीच्या पोकळीत, जिथे गर्भ रुजायचा त्या अस्तरापर्यंत. जुनं रक्त म्हणजे लोह आणि दाह. अशा अस्तरात गर्भ रुजणं कठीण. शुक्राणूंना वर जायची वाटही याच डबक्यातून जाते. शिवाय टाक्याभोवती चिकटून पिशवी मागे वळलेली असेल तर टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ सोडणारी बारीक नळी थेट खाचेत अडकते. प्रजनन केंद्रातले डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर अस्तरात पाण्याची काळी रेघ पाहून गर्भ सोडायचं त्या महिन्यापुरतं रद्द करतात, ते याचमुळे.

आकडे सांगायचे तर जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी २०१३ मध्ये झाली, त्यात सिझर झालेल्या बायकांमध्ये पुढच्या गरोदरपणाचं प्रमाण नॉर्मल बाळंतपण झालेल्यांपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसलं. नेदरलँड्समधल्या २०२०च्या एका अभ्यासात टेस्ट ट्यूब उपचार घेणाऱ्यांमध्ये आधी सिझर झालेल्यांना जिवंत मूल होण्याचं प्रमाण १५.९ टक्के होतं, आधी नॉर्मल झालेल्यांना २३.३ टक्के. फरक खरा. पण हे आकडे नीट वाचावेत. सिझर झालेली बहुसंख्य जोडपी दुसऱ्या मुलासाठी डॉक्टरकडे जातही नाहीत, त्यांना होतं. काहीजण मुद्दाम थांबतात. आणि हा फरक सगळा खाचेचाच आहे असंही नव्हे.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगावीशी वाटते, कारण इंटरनेटवर वाचून बाया घाबरतात. खाच असणं म्हणजे आजार नव्हे. पिशवीत थोडं सलाइन सोडून सोनोग्राफी केली तर सिझर झालेल्या सर्वसाधारण बायकांपैकी वेगवेगळ्या अभ्यासांत ५६ ते ८४ टक्क्यांत खाच सापडते. म्हणजे निम्म्याहून जास्त! खाच असलेल्यांपैकी डागांची तक्रार साधारण तीन जणींत एकीला असते. बाकीच्यांना ती कधी कळतही नाही. अंगावरच्या तिळासारखी ती असते, एवढंच.

तसाच दुसरा गैरसमज: 'त्या डॉक्टरने टाके नीट घातले नाहीत.' हा आरोप सोपा आहे, आणि बहुतेकदा अन्यायाचा. पिशवी एका थरात शिवावी की दोन, यावर स्त्रीरोगतज्ज्ञांत वर्षानुवर्षं वाद होता. नेदरलँड्समध्ये २,२९२ बायकांवर चिठ्ठी टाकून केलेल्या तुलनेत नऊ महिन्यांनी डागांच्या दिवसांत काही फरक पडला नाही. खाचा दोन्हीकडे सारख्याच सढळ होत्या. टाका किती थरांचा यापेक्षा छेद कुठे गेला, कळा किती वेळ चालल्या, सिझरं किती झाली, पिशवी मागे वळलेली आहे का, जखमेला पुढे मूत्राशय चिकटून ओढ बसतेय का, मधुमेह होता का, जखम कशी भरली या गोष्टी जास्त बोलतात. पहाटे तीनला बाळाचे ठोके पडत असताना छेद दोन सेंटिमीटर वर घ्यायला हवा होता, हे पाच वर्षांनी सोनोग्राफी बघून सांगणं सोपं असतं.

मग पाहायचं कसं? पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ही खाच सहसा हुकते. आतून करायची सोनोग्राफी लागते, आणि ती शक्यतो पाळीनंतर डाग थांबल्यावर किंवा महिन्याच्या मध्यावर, जेव्हा द्रव साचलेला असतो. पडद्यावर पिशवी राखाडी पेरूसारखी दिसते. पुढच्या भिंतीत, तोंडाच्या जरा वर, एक काळा त्रिकोण. शंका असली तर बारीक नळीने थोडं सलाइन सोडलं की त्रिकोण फुगतो आणि त्याची हद्द स्पष्ट होते. डॉक्टर मग माऊसने दोन बिंदू ठेवतात आणि मापं घेतात. खोली, लांबी, रुंदी. पण सगळ्यात महत्त्वाचं माप त्रिकोणाचं नाही, त्याच्या टोकापासून पिशवीच्या बाहेरच्या कडेपर्यंत उरलेल्या भिंतीचं. रिपोर्टमध्ये ते 'रेसिड्युअल मायोमेट्रियल थिकनेस' म्हणून येतं. शेजारची चांगली भिंत बारा-पंधरा मिलिमीटरची असेल आणि खाचेमागे फक्त दोन उरली असेल, तर त्या दोन मिलिमीटरवर पुढचं सगळं ठरतं. रिपोर्टमध्ये नुसतं 'स्कार डिफेक्ट नोटेड' लिहिलं असेल आणि हे माप नसेल, तर तो रिपोर्ट अर्धा आहे. मोजायला परत पाठवावा.

उपाय तीन प्रकारचे. ज्यांना आता मूल नको आणि फक्त डागांचा त्रास आहे त्यांना गोळ्या किंवा हार्मोनची तांबी पुरते. पाळीच कमी झाली की साचायला काही उरत नाही. मूल हवं असणाऱ्यांना अर्थात हा मार्ग बंद.

उरलेली भिंत ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर दुर्बीण खालून, पिशवीच्या तोंडातून घालतात. पोटाला छेद नाही. खाच बुजवत नाहीत; खाचेची तोंडाकडची उंच कड तासून तिचा उतार करतात. बांध फोडला की डबकं उरत नाही, तसं. बुडाच्या पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या शेकून बंद करतात. १०३ बायकांवर झालेल्या डच तुलनेत या उपायाने डागांचे दिवस सहा महिन्यांत ८वरून ४वर आले. काहीच न केलेल्यांचे ७वर राहिले. अर्धे झाले, गेले नाहीत, हेही लक्षात घ्यावं. भिंत मात्र याने जाड होत नाही. म्हणूनच पातळ भिंतीवर हे करू नये. कड तासता तासता पलीकडे मूत्राशय येतं.

भिंत ३ मिलिमीटरपेक्षा पातळ आणि मूल हवं असेल तर प्रश्न दुरुस्तीचा येतो, म्हणजे जुना टाका कापून काढून नवा घालायचा. ही खरी शस्त्रक्रिया. ती पोटातून दुर्बिणीने करतात, काही जण योनिमार्गाने. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पहिला वेळ जातो तो मूत्राशय सोडवण्यात. सिझरनंतर ते पिशवीच्या पुढच्या भिंतीला चिकटलेलं असतं, कधी कधी गोंदासारखं. त्यात थोडं सलाइन भरतात म्हणजे त्याची कड कळते आणि मग मिलिमीटर-मिलिमीटरने खाली ढकलत नेतात. पिशवीची पुढची भिंत मोकळी झाली तरी खाच बाहेरून दिसत नाही. तेव्हा दुसरी दुर्बीण खालून पिशवीत घालतात आणि पोटातल्या दुर्बिणीचा उजेड मंद करतात. अंधारात पिशवीच्या भिंतीतून एक जागा लालसर उजळते. भिंत तिथेच पातळ. परदेशी सर्जन याला कोरलेल्या भोपळ्यातल्या दिव्यावरून 'हॅलोवीन साइन' म्हणतात. आपण आकाशकंदील म्हणू. पातळ कागदातून आतला दिवा दिसावा, तसंच ते दिसतं.

मग त्या उजळलेल्या जागी छेद घेतात. आतून साचलेला काळपट द्रव येतो. कडांचा भाग पांढुरका, चिवट असतो. तो कापत जातात, गुलाबी स्नायू लागून ताजं रक्त येईपर्यंत. रक्त येणं ही इथे चांगली खूण, कारण जिथे रक्त तिथेच जखम भरणार. तोंडाच्या वाटेत एक धातूची सळई ठेवतात, नाहीतर शिवताना वाटच बंद व्हायची. मग दोन थरांत टाके. कुणाची पिशवी मागे वळलेली असेल तर तिला पुढे धरणारे बंध जरा आखूड करतात, नव्या टाक्यावर ताण नको म्हणून. अॅमस्टरडॅमच्या गटाने १०१ बायकांत हे करून सहा महिन्यांनी मोजलं, तर उरलेली भिंत १.२ मिलिमीटरवरून ५.३ मिलिमीटर झाली होती. शिवणकाम जमलेलं असतं, यात शंका नाही.

पण भिंत जाड होणं आणि मूल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच जाहिराती वाहवत जातात. दुरुस्तीनंतर गर्भ राहिलेल्यांची टक्केवारी सांगणारे बरेचसे अहवाल हे एकेका सर्जनच्या रुग्णांचे असतात. ऑपरेशन न करता तेवढाच काळ थांबलेल्यांना किती दिवस राहिले, हे शेजारी मांडलेलं नसतं. साडेपाच वर्षांच्या मुलीच्या आईला काहीही न करता वर्षभरात दिवस राहण्याची शक्यता शून्य नसते. म्हणून समंजस डॉक्टर क्रम पाळतात. आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. पहिलं मूल झालंय म्हणजे नवऱ्यात दोष असणारच नाही, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं, नवऱ्याला सगळ्यात जास्त. पण साडेपाच वर्षांत बरंच काही बदलतं, मधुमेह येतो, वजन येतं, तंबाखू असतेच. मग बीज तयार होतंय का, नळ्या उघड्या आहेत का, आपल्याकडे गर्भपिशवीच्या क्षयरोगाचीही शंका. हे सगळं साफ असेल, डागांची तक्रार असेल, अस्तरात पाणी दिसत असेल, भिंत पातळ असेल, तेव्हा खाच ही आरोपी म्हणून पुढे येते. यातलं फक्त शेवटचं पाहून ऑपरेशनची तारीख देणारा डॉक्टर घाई करतोय.

वयाचाही हिशोब आहे. दुरुस्तीनंतर टाका भरायला बहुतेक सर्जन सहा महिने दिवस राहू देऊ नका म्हणतात. ३० वर्षांच्या बाईला सहा महिने काही नाहीत. ३९च्या बाईला ते फार आहेत. तिच्या बाबतीत आधी बीजं घेऊन गर्भ गोठवून ठेवावेत आणि मग पिशवी दुरुस्त करावी, असाही विचार होतो. दिवस राहिले तर पुढचं बाळंतपण सिझरच, आणि तेही कळा सुरू व्हायच्या आत, साधारण ३७-३८ आठवड्यांना ठरवून.

पातळ टाक्याकडे लक्ष द्यायचं आणखी एक कारण आहे, आणि ते मूल न होण्यापेक्षा गंभीर. गर्भ रुजायला जागा शोधताना थेट खाचेतच रुजला तर? असं गरोदरपण १९७८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून पहिल्यांदा नोंदलं गेलं. तेव्हा ती चमत्कारिक गोष्ट होती. आता सिझरं वाढली तशी प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला ती माहीत आहे. गर्भ वाढतो तशी वार भिंतीत घुसते, पुढे मूत्राशयापर्यंत, आणि रक्तस्राव जिवावर येतो. म्हणून आधी सिझर झालेल्या बाईने पाळी चुकली की सहा-सात आठवड्यांनाच सोनोग्राफी करावी. गर्भ आहे का एवढंच नाही, तो कुठे आहे हे पाहायला.

सिझरं किती वाढली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६च्या फेरीत महाराष्ट्रातली २०.१ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती. २०१९-२१च्या फेरीत २५.४ टक्के. चारात एक. देशभरात खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५चं म्हणणं असं की लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांपुढे सिझर वाढवल्याने आया आणि बाळं जास्त वाचतात असं दिसत नाही. गरजेचं सिझर जीव वाचवतं, आमच्या कोपरखैरणेच्या बाईच्या मुलीचाही वाचवला. पण मुहूर्त बघून केलेल्या सिझरचाही टाका तेवढाच खरा असतो.

गर्भपिशवीच्या याच चिंचोळ्या भागाने मराठी मुलुखातल्या एका सर्जनचं नाव जगभर केलं आहे. गोव्यात १८९९ साली जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ पडणाऱ्या बायकांचं पिशवीचं तोंड सैल असतं, हे ओळखून त्यांनी तोंडाभोवती टाका घालायची पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. दोरा म्हणून मांडीच्या स्नायूवरच्या चिवट पडद्याची पट्टी वापरली, रुग्णाच्याच अंगातली. 'शिरोडकर स्टिच' आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्याच नावाने आहे. त्यांच्या टाक्याची जागा आणि सिझरच्या खाचेची जागा यांत बोटभर अंतर. शिरोडकरांचं मोठेपण मला टाक्याइतकंच त्याआधीच्या निवडीत दिसतं: गर्भ पडणाऱ्या प्रत्येकीला टाका नाही, तोंड सैल असलेलीलाच. खाचेच्या बाबतीतही तीच निवड करायची आहे.

आता नवी मुंबईची खास अडचण. घणसोली, दिवाळे अशी आगरी-कोळ्यांची गावं सोडली तर या शहरातलं कुणी फारसं इथलं नाही. सातारा, सांगली, जुन्नर, रत्नागिरी. माथाडीत आलेले, बाजार समितीत आलेले, आयटीत आलेले. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सेक्टरमध्ये फ्लॅट घेतल्याने बदललेली नाही. त्यामुळे सिझर एका जिल्ह्यात होतं आणि दुसरं मूल का होत नाही याचा शोध दुसऱ्या जिल्ह्यात लागतो. वाशीचा डॉक्टर विचारतो, "सिझर का केलं होतं? कळा किती तास होत्या? तोंड किती उघडलं होतं? छेद वाढला, फाटला होता का? नंतर ताप आला होता का?" बाईला आठवतं ते एवढंच की आई रडत होती आणि बाळ तीन किलोचं होतं. उत्तरं असतात ऑपरेशनच्या टिपणात, कऱ्हाडला. हातात असतं ते डिस्चार्ज कार्ड, तेही आईच्या कपाटात पत्रिकेशेजारी, त्यात 'एलएससीएस' ही सिझरची चार इंग्रजी अक्षरं आणि टाके काढायची तारीख.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाने दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असतात, आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. तीन वर्षं, मुलगी बालवाडीत जायच्या आधीच ती संपतात. ज्यांचं सिझर गेल्या दोन-तीन वर्षांत झालंय त्यांनी पुढच्या खेपेला माहेरी गेल्यावर रुग्णालयात एक साधा अर्ज द्यावा आणि ऑपरेशनच्या टिपणाची प्रत मागून घ्यावी. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा. आणि पाळीनंतर डाग रेंगाळत असतील तर ते कितव्या दिवसापर्यंत दिसतात, हे तीन महिने कॅलेंडरवर खुणा करून डॉक्टरला दाखवावं.